सहा मिनिटं आणि मोठे बाबा

मोठ्या बाबांना हॉस्पिटलातून बाहेर काढलं ते मीच. वाडीतल्या बायका अजून विचारतात, "नूतन, जीभ रेटली कशी गं तुझी?" रेटली! माझ्या सासूच्या श्वासाचा प्रश्न होता. आणि तोंडाने फटकळ म्हणून मी लग्नाआधीच माहेरी, सरावलीत, प्रसिद्ध होते. सासरी चिखल्यात येऊन ते नाव बुडवायचं होतं की काय?

मोठे बाबा म्हणजे काशीनाथ, माझ्या सासऱ्यांचे थोरले भाऊ. सासरे गेल्यापासून चिकूची वाडी, विहिरीची मोटर, घरातली भांडणं, सगळं त्यांच्याच शब्दावर चालतं. माणूस सोन्यासारखा, पण आवाज असा की त्यांनी ओट्यावरून हाक मारली तर शेजारच्या म्हशी उठून उभ्या राहतात.

आणि माझ्या सासूबाई हिरकणी. त्यांचं माहेर उंबरगावकडचं, गुजरातच्या हद्दीतलं. बोलणं अर्धं मराठी, अर्धं गुजराती, आणि शिव्या दोन्ही भाषांतल्या. मासेवालीशी भाव करायला उभ्या राहिल्या की मासेवाली स्वतःच म्हणते, "घे बाई, फुकट घे, पण जा." अशी ही बाई मोठ्या बाबांसमोर मात्र मुकी. त्यांच्या माहेरी जेठाची लाज काढतात, म्हणजे अदब पाळतात. नवऱ्याचा मोठा भाऊ समोर आला की पदर कपाळाच्या खाली, मान खाली, पाऊल हळू, चपला हातात. आणि थेट बोलायचं नाही. बोलायचं झालं तर मधे कुणीतरी पाहिजे.

ती मधली कुणीतरी म्हणजे मी. "नूतन, सांग त्यांना, चहा झालाय." आणि ते हे समोर, दोन हातांवर बसलेले! तेही कमी नाहीत. "नूतन, सांग तिला, साखर कमी घाल म्हणावं." या घरात आल्यापासून मी सून कमी आणि पोस्टमन जास्त. आमच्याकडे सरावलीत असलं काही नाही, म्हणून पहिल्या वर्षी मी विचारलं, "आई, हे कशाला?" त्या म्हणाल्या, "आमच्यात असतं." विषय संपला. पुढे मलाही सवय झाली, आणि सवय झालेली गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. सगळा घोटाळा त्यातूनच झाला.

आईंचं एकच वेड. गरबा. आमच्या चिखल्याच्या मंडपात नवरात्रात पहिली टाळी त्यांची पडायची. मी लग्न होऊन आले त्या वर्षी मला ओढून नेलं होतं, आणि तिसऱ्या फेऱ्यात मी धापा टाकत बसले तर ही बाई माझ्याकडे बघून हसत पुढे निघून गेली. मग हळूहळू त्यांचाच दम कमी झाला. आधी वाडीच्या टोकापर्यंत जाऊन येताना मधेच थांबायला लागल्या, मग विहिरीवरून येताना, मग ओट्याच्या पायऱ्या चढताना. पाय सुजायचे. मागची तीन नवरात्रं त्या मंडपाबाहेर खुर्चीत बसून नाचणाऱ्या बायकांच्या चपला सांभाळत होत्या. टाळ्या मात्र मांडीवर चालू. 

डॉक्टर झाले. एकाने गॅस सांगितला. एकाने दमा सांगून तोंडात मारायचा पंप दिला. एकाने वय सांगितलं. मोठ्या बाबांनी माझ्यामार्फत निरोप दिला, "सांग तिला, वजन कमी कर म्हणावं." वजन! शेवग्याच्या शेंगेचं करतील तेवढंच. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी, दुसरं काय!

मग डहाणूत एक तपासणी शिबिर झालं. मुंबईहून कविता नावाच्या डॉक्टरबाई यायच्या. डहाणू-तलासरी भागात ज्यांना दम लागतो पण कारण सापडत नाही, अशा माणसांचा त्या अभ्यास करत होत्या. त्यांनी आईंच्या छातीवर ते सोनोग्राफीसारखं यंत्र ठेवलं आणि बराच वेळ नुसत्या पडद्याकडे बघत राहिल्या. पुढे आणखी तपासण्या झाल्या, मुंबईच्या दोन खेपा झाल्या, आणि मग आम्हाला समोर बसवून त्यांनी सांगितलं.

"हृदयाची उजवी बाजू फुप्फुसांकडे रक्त ढकलते. यांच्या फुप्फुसांतल्या बारीक नळ्या आकसल्यात. त्यामुळे आत दाब वाढलाय, आणि ढकलून ढकलून हृदयाची उजवी बाजू फुगलीय. याला पल्मनरी हायपरटेन्शन म्हणतात."

मोठे बाबा म्हणाले, "म्हणजे ठिबकच्या नळ्या चोंदल्या आणि मोटरवर लोड आला."

डॉक्टरबाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. "काका, पुढच्या पेशंटला तुम्हीच समजावा."

झालं! त्या दिवसापासून मोठे बाबा अर्धे डॉक्टर. चिखल्याच्या नाक्यावर उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला पल्मनरी समजावायचे.

डॉक्टरबाईंच्या अभ्यासात एक नवी गोळी होती, त्या नळ्या सैल करणारी. त्यांनी सगळं नीट सांगितलं, फायदा काय, त्रास काय, नको वाटलं तर कधीही सोडता येईल. आईंनी विचारलं, "गरबा खेळता येईल?" डॉक्टरबाई म्हणाल्या, "आधी चालून तर बघू." आणि खरंच चालायलाच लावलं.

ही त्यांची मुख्य परीक्षा. डहाणूच्या हॉस्पिटलातल्या लांब कॉरिडॉरमध्ये दोन टोकांना दोन नारिंगी टोप्या ठेवतात, रस्त्याच्या कामावर असतात ना, तशा. या टोपीपासून त्या टोपीपर्यंत, वळसा घालून परत, असं सहा मिनिटं जमेल तेवढं भरभर चालायचं. धावायचं नाही. बरोबर कुणी चालायचं नाही, मधे कुणी बोलायचं नाही. सहा मिनिटांत किती अंतर झालं ते मोजायचं. औषध लागू पडत असलं तर अंतर वाढतं.

मोठे बाबा ऐकून म्हणाले, "एवढ्या मशिनी, आणि शेवटी काय, चालवून बघायचं! बैल घेताना आपण तरी दुसरं काय करतो?" पदराआडून आईंनी मला चिमटा काढला. तो निरोप मी पोचवला नाही.

पहिल्या चाचणीला जतीन, माझा नवरा, रजा काढून आईंना घेऊन गेला. थांबत थांबत का होईना, आई चालल्या. आकडा लिहिला गेला आणि गोळी सुरू झाली.

आणि काय सांगू, महिन्याभरात घरात फरक! पायांची सूज उतरली. विहिरीवरून येताना थांबणं गेलं. एकदा मी शेवग्याच्या शेंगा काढायला आकडी शोधतेय, तर सासूबाई गच्चीवर चढून वरूनच शेंगा तोडतायत आणि मला म्हणतायत, "खाली उभी काय राहिलीस, पकड!" मला रडू आलं आणि शेंग डोक्यात पडली.

दुसऱ्या चाचणीच्या वेळी जतीनला वापीच्या कंपनीतून रजा मिळेना. मोठे बाबा म्हणाले, "मी आहे ना! गाडी काढतो." इस्त्रीचा शर्ट घातला, डॉक्टरबाईंसाठी करंडीभर चिकू घेतले, आणि निघालो तिघं. तिथे मला डॉक्टरबाईंनी खोलीत बसवलं. आई रात्री उशीवर झोपतात की सपाट, सूज कधी येते, सगळं त्यांना मला विचारायचं होतं. बाहेर चाचणी घ्यायला संगीता होती, तलासरीची हसरी पोरगी. ती एका टोकाला घड्याळ घेऊन उभी. दुसऱ्या टोकाला, टोपीच्या अगदी जवळ, खिडकीखाली एक बाक होता. मोठे बाबा तिथे जाऊन बसले. "पडली-बिडली तर धरायला घरचं माणूस पाहिजे. एक शब्द बोलणार नाही मी." आणि खरंच बोलले नाहीत. मांडीवर हात ठेवून, शाळेत फोटोला बसतात तसे बसून राहिले.

आकडा आला आणि डॉक्टरबाईंचा चेहरा उतरला. पहिल्यापेक्षा कमी.

"संगीता म्हणते, पलीकडच्या टोकाला वळताना त्यांना फार त्रास होतोय. तिथे एकदम मंदावतात." त्यांनी परत छातीवर यंत्र ठेवून बघितलं. "इथे तर बरं दिसतंय. उजवी बाजू थोडी उतरलीय. मग चालण्यात का नाही दिसत?" त्यांनाही कोडं पडलं. शेवटी म्हणाल्या, "नवरात्राच्या आधी परत बघू. तेव्हाही चालणं घटलेलंच निघालं तर ही गोळी थांबवावी लागेल. फायदा नसलेली गोळी चालू ठेवणं बरोबर नाही. मग मुंबईला नेऊन दुसरं काहीतरी बघावं लागेल."

परत येताना गाडीत, चिखल्याचं वळण आलं तेव्हा मोठे बाबा पुढूनच म्हणाले, "नूतन, सांग तिला, घाबरू नको म्हणावं. मी दर वेळी येईन बरोबर." आई मागे माझ्या शेजारी. पदराआडून म्हणाल्या, "सांग त्यांना, बरं."

घरी आल्यावर चुलीपाशी मला धरलं. "नूतन, गोळी बंद झाली तर मी परत खुर्चीत?"

"नाही हो, आई."

"मला दम नाही लागत गं आता. देवाशपथ. डॉक्टरीणबाईला कसं सांगू?" आणि मासेवालीला पळवून लावणारी माझी सासू ओक्साबोक्शी रडली. मला इतका संताप आला! कुणावर ते कळेना. त्या टोप्यांवर, त्या घड्याळावर, त्या सहा मिनिटांवर.

पंधरा-वीस दिवसांनी धोंडीची गाय आमच्या मिरच्यांत शिरली. शेजारी राहतो धोंडी, पण गाय आमचीच खाते. मी आत पोळ्या लाटत होते. बोंब ऐकून बाहेर आले, तर आई हातात काठी घेऊन गायीच्या मागे! पुढे गाय, मागे आई, गुजरातीत गायीच्या सात पिढ्यांचा उद्धार चाललेला. कुंपणापर्यंत नाही, सुरूच्या बागेपर्यंत हाकलून आल्या. आल्या त्या कमरेवर हात ठेवून धोंडीशी भांडायला उभ्या, एक दीर्घ श्वास घेतला की परत सुरू. मी त्यांच्याकडे बघत राहिले. पोळी करपली.

म्हटलं, ही बाई गायीमागे पळते आणि फरशीवर चालता येत नाही? अजिबात नाही. तिकडे काहीतरी घोळ आहे.

तिसऱ्या चाचणीच्या दिवशी मोठ्या बाबांनी निघताना मारुतीला नारळ फोडला. गाडीत बसताना चष्म्याची काच पुसली, परत पुसली. हॉस्पिटलात पोचलो, मोठे बाबा मागच्याच बाकावर जाऊन फोटोला बसले, आणि डॉक्टरबाईंनी मला खोलीत बोलावलं.

मी म्हटलं, "मॅडम, आज मी आत बसणार नाही. आज मला बघायचंय."

"नातेवाइकांनी बरोबर चालायचं नसतं."

"चालत नाही. बोलतही नाही. दारामागून बघते. मग तुम्ही काय विचारायचं ते विचारा."

त्या माझ्या तोंडाकडे बघून काय समजल्या कोण जाणे, पण हो म्हणाल्या. मी दाराच्या फटीला डोळा लावला.

संगीता म्हणाली, "आजी, सुरू." आणि आई निघाल्या. काय निघाल्या! हात हलवत, चपला फटाफट वाजवत, आठवडी बाजारात ताजी भाजी संपत आल्यासारख्या. माझं काळीज नाचायला लागलं. अर्धा कॉरिडॉर गेला असेल नसेल, आणि एकदम पाऊल मंदावलं. हात वर गेला. पदर डोक्यावर आला, तिथून कपाळावर, तिथून नाकापर्यंत. चपला वाजू नयेत म्हणून बाई चवड्यांवर चालायला लागल्या. एक पाऊल. थांबून दुसरं. टोपीला वळसा घातला तो मान खाली घालून, बाकाकडे पाठ होऊ नये म्हणून तिरकं तिरकं सरकत. तशाच सरकत बऱ्याच लांब आल्या, मग पदर मागे आणि परत फटाफट! परत अर्ध्यावर आल्या की पदर, चवडे, गोगलगाय.

आणि बाकावर मोठे बाबा. शब्द नाही, हालचाल नाही. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत, ओठांतल्या ओठांत मारुतीचं नाव घेत बसलेले.

काखेत कळसा आणि गावाला वळसा! अहो, मी लग्न झाल्यापासून त्या बाईला घरात असंच चालताना बघितलंय. ओट्यावर मोठे बाबा असले की ती अशीच जाते. मला हे आधी दिसू नये? मी दारामागे तोंडात पदर कोंबून हसत होते आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. डॉक्टरबाईंना वाटलं, मी रडतेय. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "निराश होऊ नका, आपण—"

"मॅडम, निराश कोण होतंय! इकडे या. बघा. तो बाक बघा आणि बाकावरचा माणूस बघा."

मी त्यांना लाज म्हणजे काय ते सांगितलं. ऐकता ऐकता त्यांचा हात कपाळावर गेला. "अगं, पण त्या बोलल्या का नाहीत?"

सहा मिनिटं संपली होती, आकडा पडलेलाच होता. मी आईंना आत घेतलं. "आई, त्या टोकाला हळू का चालता?"

"कुठे? मी तर जोरात चालते."

"बाकापाशी?"

"मग काय जेठासमोरून चपला वाजवत जाऊ?" त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू माझ्याच संस्कारांची त्यांना शंका आली. त्यांच्या हिशेबी ते हळू चालणं नव्हतंच. ते नुसतं चालणं होतं.

डॉक्टरबाई खुर्चीत बसल्या, उठल्या, परत बसल्या. मग शांतपणे म्हणाल्या, "पहिल्या वेळी काका आले नव्हते. बरोबर? म्हणजे तीनही चाचण्या सारख्या झाल्याच नाहीत. आपला नियमच आहे, सगळं पहिल्यासारखं पाहिजे. मी जे घडलं ते सगळं जसंच्या तसं लिहिणार, काही लपवणार नाही. आजींना तासभर विश्रांती देऊ, आणि पुन्हा चाचणी घेऊ. काकांशिवाय." मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाल्या, "काकांना कोण सांगणार?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. पोस्टमन कोण? मी!

गेले बाकापाशी. "मोठे बाबा, तुम्ही जरा बाहेर गाडीत बसा."

"का? कमी आलं?" त्यांचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता. "परत कमी आलं का गं?"

"तुमच्यामुळे आलं."

सांगून टाकलं. घुमवून-फिरवून बोलणं मला येत नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, आणि मग त्यांचा मूळचा आवाज परत आला. "मी? मी काय वाघ आहे? आ? मी हिला कधी म्हटलं, माझ्यासमोर हळू चाल? कधी म्हटलं, पदर घे? नूतन, विचार तिला! एकदा तरी म्हटलं का?"

कॉरिडॉरमधले सगळे पेशंट उठून उभे राहिले. आई खांबाआड होत्या. तिथून आवाज आला, "नूतन, सांग त्यांना. म्हटलं नाही खरं. पण नको म्हणून तरी कधी म्हटलं?"

मोठे बाबा बाकावर परत बसले, आणि बसल्या बसल्या लक्षात आलं, तसे घाईने उठले. चष्मा काढला, घातला. मग मला म्हणाले, "सांग तिला. म्हणावं, इतकी वर्षं हिची ही रीत आहे, ही मोडायला मी कोण, असं मला वाटायचं. म्हणावं, आता चाल. चपला काय, ढोल वाजवत चाल म्हणावं." आणि गेले. गेले ते असे की फाटकातली गाडीसुद्धा दिसेना. मागून कळलं, गाडी पार पलीकडच्या गल्लीत चिंचेखाली नेऊन उभी केली होती, काचा वर करून, त्या उकाड्यात. म्हणे, "माझा खोकला जरी ऐकू आला तरी ही पदर घेईल."

तासाभराने परत टोप्या. संगीताने घड्याळ धरलं. यावेळी बाक रिकामा होता, तरी पहिल्या फेरीला आईंचं पाऊल बाकापाशी अडखळलंच. हात वर गेला. मी दारामागे मुठी आवळल्या. बोलायचं नाही, बोलायचं नाही. त्यांनी बाकाकडे नीट बघून घेतलं. हात खाली आला. पदर कमरेला खोचला.

आणि मग चालल्या हो! फटाफट, फटाफट, तो आवाज मला अजून ऐकू येतो. संगीता आपली ठरलेली वाक्यं म्हणत होती, "छान चाललंय, आजी, चार मिनिटं राहिली," पण म्हणता म्हणता तिच्याच चेहऱ्यावर हसू मावेना. बाकीचे पेशंट भिंतीला चिकटून वाट देत होते. टाळ्या वाजवायच्या नाहीत हा नियम होता म्हणून एक म्हातारा नुसते हात हवेत हलवत होता. शेवटी "थांबा" म्हटल्यावर आई थांबल्या आणि पहिलं काय विचारलं, तर "एवढंच?"

संगीताने अंतर मोजलं. डॉक्टरबाईंनी आईंच्या बोटाला लावलेलं, ऑक्सिजन मोजायचं छोटं यंत्र बघितलं, आकडा बघितला, पहिल्या वेळचा आकडा बघितला. पहिल्यापेक्षा कितीतरी पुढे.

"आजी, गोळी चालू राहणार," त्या म्हणाल्या, आणि मी डॉक्टरबाईंना मिठी मारली. त्या घाबरल्या. मग त्यांनीही मारली.

मी पळत चिंचेखाली गेले. मोठे बाबा घामाने निथळत होते. मी काचेवर ठोठावलं, काच खाली आली, मी म्हटलं, "पास!" त्यांनी स्टिअरिंगवर कपाळ टेकवलं आणि बराच वेळ वर केलं नाही. मग नाक पुसून म्हणाले, "चिकूची करंडी गाडीतच राहिली बघ. देऊन ये जा त्या बाईंना."

घरी मोठी आई, म्हणजे मोठ्या बाबांची बायको, सगळं ऐकून हसून हसून ओट्यावर आडवी झाली. "मी एवढ्या वर्षांत यांना हलवू शकले नाही," म्हणाली, "आणि दोन नारिंगी टोप्यांनी हलवलं!"

नवरात्रात डॉक्टरबाईंनी परवानगी दिली. हळू खेळायचं, उड्या नाहीत, दम लागला की त्या क्षणी बसायचं. दुसऱ्या माळेला आरती झाली, अजून पोरीबाळी जमतच होत्या, तेव्हा मी आईंना घेऊन मंडपात गेले. नवी साडी, नव्या चपला. पण सवय वाईट. पाय आपोआप चपला सांभाळायच्या खुर्चीकडे वळले.

खुर्चीत मोठे बाबा बसले होते.

इस्त्रीचा शर्ट, मांडीवर हात, समोर बायकांच्या चपलांचा ढीग. अख्खा मंडप बघत होता. आई थबकल्या, हात डोक्याकडे गेला. मी तोंड उघडलं, म्हटलं आता निरोप येईल, "नूतन, सांग तिला."

आला नाही. मोठे बाबा सरळ त्यांच्याकडे बघून म्हणाले, "हिरकणी, चपला इथे ठेव. मी आहे."

आईंचा हात तसाच वर राहिला. मग खांद्यावर आला, पदराचं टोक धरलं आणि कमरेला खोचलं. त्यांनी चपला काढल्या. जेठासमोर त्या रोजच काढायच्या, पण हातात धरून पुढे जायला. आज त्या जेठाच्या पायांपाशी ठेवल्या आणि म्हणाल्या, "सांभाळा हां, भाऊजी. नव्या आहेत." या घरात आल्यापासून त्यांच्याशी थेट बोललेलं पहिलं वाक्य ते. मला वाटलं, आता ढोलसुद्धा थांबेल. ढोल कुठला थांबतोय!

आई फेऱ्यात शिरल्या. हळूहळू, पण पहिली टाळी त्यांचीच. मी मागे होते. हसत होते, रडत होते, चुकत होते. एक फेरा पुरा झाला आणि आई खुर्चीसमोर येऊन थांबल्या. चेहरा फुललेला, कपाळावर घाम. मोठे बाबा अर्धे उठले.

"काय झालं? दम लागला?"

"नाही."

"खरं सांग."

"नाही लागला, भाऊजी."

"मग कुणासाठी थांबलीस?" मोठे बाबा त्यांच्या त्या म्हशी उठवणाऱ्या आवाजात ओरडले. "जा की!"

आणि आई परत फेऱ्यात गेल्या.